रिपोर्ट तिप्पट झालेलाच नाही

डॉक्टरकाका, नमस्कार.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. सासरे ७६ वर्षांचे. नवरात्रात एका रात्री झोपेतून दचकून उठले, श्वास पुरेना, म्हणून ॲडमिट करावं लागलं. हार्ट फेल्युअर सांगितलं. इकोत पंपिंग ३५ टक्के, ठोके अनियमित, किडनीचं क्रिएटिनिन १.६. त्या रात्रीचा बीएनपी, म्हणजे हृदयावरचा ताण सांगणारी रक्ततपासणी, ९१० होता. सहा दिवसांनी घरी आलो. सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन, लघवीची टॉर्सेमाइड आणि रक्त पातळ करायची गोळी, एवढं चालू आहे.

दिवाळीनंतर नणंदेच्या मुलानं घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबकडून तपासणी करवली. एनटी-प्रोबीएनपी २७४० आला, शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’, आणि नॉर्मल म्हणून १२५ च्या आत असं छापलेलं. घरात एकच कल्लोळ. धाकटे दीर न्यू जर्सीत असतात, ते म्हणाले दर पंधरा दिवसांनी तपासा, पैसे मी पाठवतो. दुसऱ्यांदा २९६० आला. आमचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, ‘बरं चाललंय, गोळ्या याच ठेवा.’ दीर म्हणतात, तिप्पट झालेल्या रिपोर्टला बरं म्हणणारा डॉक्टर बदला.

सासऱ्यांनी धसका घेतलाय. जेवण निम्म्यावर आणलंय, सारखं ‘नंबर किती आला’ विचारतात. मला मात्र ते बरे दिसतात. तीन उशा लागायच्या, आता एक. जिना न थांबता चढतात, सुरसागरला एक फेरी मारून येतात. वजन ॲडमिट होताना ६४, घरी आलो तेव्हा ६०, आता ५८.५. मिठाची काळजी घेते, कमी सोडियमचं मीठ आणलंय, रोज एक नारळपाणी देते. रविवारचे फाफडे तेवढे चालू आहेत, ते काही खारट नसतात. डॉक्टरांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन करायला सांगितलं होतं, पण एवढी मोठी तपासणी झाली म्हणून ते राहिलं.

आकडा खाली येत नाही म्हणजे औषध लागू पडत नाही का? किती दिवसांनी तपासायचा? आणि डॉक्टर खरंच बदलायचे का?

— एक सून, बडोदे

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी पत्रातल्या शेवटच्या ओळींकडे येतो, कारण ते काम आजचं आहे. कमी सोडियमचं मीठ आज स्वयंपाकघरातून काढा. नारळपाणी थांबवा. आणि उद्या सकाळी पोटॅशियम, सोडियम आणि क्रिएटिनिनसाठी रक्त द्या. कारण पुढे सांगतो. गोळी मात्र एकही आपल्या मनानं बंद करू नका.

आता तो तिप्पट आकडा. ९१० चे २७४० झालेले नाहीत. इस्पितळात झाला तो बीएनपी, आणि भाच्यानं करवला तो एनटी-प्रोबीएनपी. नावं जवळजवळ सारखी, तपासण्या दोन.

हृदयाच्या खालच्या कप्प्यात रक्त तुंबलं की त्याची भिंत ताणली जाते. ताण आला की तिथल्या पेशी एक प्रथिन तयार करतात, १०८ अमिनो आम्लांची साखळी. ती पुढे दोन तुकड्यांत तुटते. ३२ चा तुकडा म्हणजे बीएनपी. तो कामाचा आहे, किडनीला मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावतो, रक्तवाहिन्या सैल करतो. थोडक्यात, दमलेलं हृदय स्वतःवरचा भार कमी करायला स्वतःच औषध बनवतं. उरलेला ७६ चा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. त्याला शरीरात काही काम नाही, पण मोजायला सोयीचा. (१९८८ मध्ये जपानी संशोधकांना बीएनपी पहिल्यांदा सापडला तो डुकराच्या मेंदूत. तो मुख्यतः हृदयातून येतो हे नंतर कळलं.) दोन्ही तुकडे निघतात सारख्याच संख्येनं. पण रक्तातला बीएनपी वीसेक मिनिटांत निम्मा होतो, आणि दुसऱ्याला निम्मं व्हायला तास-दोन तास लागतात. त्यामुळे कधीही रक्त काढा, दुसरा जास्तच भरतो, आणि त्याचा आकडा बीएनपीच्या कित्येक पट असतो. किती पट, हे वय, किडनी, ठोके यांवर ठरतं, म्हणून एकाचा दुसऱ्यात हिशेब करायचं भरवशाचं सूत्र नाही. एवढं सांगतो, ज्या रात्री बीएनपी ९१० होता त्या रात्री एनटी-प्रोबीएनपी केला असता, तर तो बहुधा २७४० च्या बराच वर गेला असता. दीर ज्याला वाढ म्हणतायत ती बहुतेक उतार आहे.

यात आणखी एक गुंता आहे, आणि तो तुमच्या सासऱ्यांना नेमका लागू पडतो. सॅक्युबिट्रिल हे औषध ज्या एन्झाइमला अडवतं, ते एन्झाइम शरीरातला बीएनपी तोडत असतं. त्याला अडवलं की बीएनपी रक्तात जास्त वेळ टिकतो. म्हणजे माणूस सुधारत असला तरी बीएनपीचा आकडा चढू शकतो. एनटी-प्रोबीएनपीला ते एन्झाइम हात लावत नाही. म्हणून ही गोळी चालू असलेल्यांचा पाठपुरावा एनटी-प्रोबीएनपीनंच करतात. भाच्यानं ठरवून केलं असेल किंवा पॅकेजमध्ये आलं असेल, पण तपासणी योग्यच झाली. इथून पुढे तीच, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये. उपाशीपोटी जायची गरज नाही. केसांसाठी किंवा हातापायांतल्या मुंग्यांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसची गोळी कुणी सुरू करून दिली असेल, तर रक्त घेणाऱ्याला सांगा. काही यंत्रांवर तिच्यामुळे हा आकडा खोटा कमी येतो.

२७४० वरून २९६० ही वाढ ८ टक्के झाली. स्थिर असलेल्या माणसाचं रक्त दोन वेगवेगळ्या दिवशी काढलं, तरी या तपासणीत पाव हिश्शापर्यंतचा फरक सहज पडतो. साधारण ३० टक्के हलल्याशिवाय डॉक्टर त्याला हलणं मानत नाहीत. ज्या दोनशेवीसानं तुमच्या घराची झोप उडवली, त्यावरून मी गोळीचा डोससुद्धा बदलला नसता.

मग १२५ कुठून आलं? हा आकडा तुमच्या सासऱ्यांसाठी नाहीच. ज्याला हार्ट फेल्युअर आहे की नाही हेच माहीत नाही, त्याच्यासाठी तो आहे. समजा रावपुऱ्यातल्या एका बाईंना दोन महिन्यांपासून चालताना धाप लागते. दमा असेल, रक्त कमी असेल, वजन असेल, हृदयही असेल. एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या खाली आला, किंवा बीएनपी ३५ च्या खाली, तर हृदयाचं पंपिंग हे कारण असण्याची शक्यता फार कमी उरते आणि डॉक्टर दुसरीकडे शोधायला लागतात. इमर्जन्सीत धापा टाकत आलेल्यासाठी हीच रेघ वर सरकते, एनटी-प्रोबीएनपीला ३००, बीएनपीला १००. बीएनपीचा तो १०० चा आकडा रुळला २००२ मधल्या एका मोठ्या अभ्यासानंतर. त्यात धाप लागून इमर्जन्सीत आलेले १५८६ रुग्ण होते. ‘हृदय नाही’ असं सांगण्यात ही तपासणी फार पक्की आहे. ‘हृदयच आहे’ असं सांगताना तिला सोबत लागते, इकोची, एक्स-रेची, छातीवर स्टेथोस्कोप ठेवणाऱ्याची. कारण हा आकडा इतरही कारणांनी चढतो. न्यूमोनिया, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ, किडनीचा आजार, अनियमित ठोके, आणि नुसतं वयसुद्धा. म्हणून तर इमर्जन्सीत हार्ट फेल्युअर धरून चालायचे आकडे वयानुसार वेगळे ठेवलेत. पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तर ९००, त्यापुढे १८००. लॅबचा छापील कागद यातलं काही विचारत नाही. तो तिशीच्या मुलाला आणि ७६ च्या आजोबांना एकच रेघ दाखवतो.

उलटही होतं, आणि ते आपल्या गावात लक्षात ठेवण्यासारखं आहे. लठ्ठ माणसात हा आकडा कमी भरतो. पोट सुटलेल्या, पायाला सूज आलेल्या, दोन पायऱ्यांत दमणाऱ्या माणसाचा रिपोर्ट नॉर्मलच्या आसपास आला, म्हणून ‘हृदय ठणठणीत’ असा निर्वाळा देऊन टाकू नये. इको करून घ्यावाच.

तुमच्या सासऱ्यांना वय आहे, अनियमित ठोके आहेत, किडनी थोडी मागे आहे, आणि पंपिंग ३५ टक्के. यातलं प्रत्येक कारण स्वतःच आकडा वर ढकलतं. त्यांचा १२५ कदाचित कधीच होणार नाही, आणि न होताही ते पुढची कितीतरी वर्षं सुरसागरला फेऱ्या मारू शकतात. त्यांना सांगताना एवढंच सांगा, की तुमचा आकडा तुमच्याशीच ताडायचा, छापलेल्या रेघेशी नाही.

त्या हिशेबानं तुम्ही केलेले दोन्ही रिपोर्ट वाया गेलेले नाहीत, उलट पुढे फार कामाला येतील. श्वास मोकळा, उशी एक, जिना न थांबता, अशा चांगल्या दिवसांतला त्यांचा आकडा २७०० ते ३००० आहे, हे आता आपल्याला माहीत झालं. डॉक्टरांच्या भाषेत हा त्यांचा कोरडा आकडा, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचा. फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसकट आणि त्या दिवशीच्या वजनासकट लिहून ठेवा. उत्तरायणात गच्चीवर गारठ्यात उभे राहिले, खोकला लागला, रात्री पुन्हा धाप लागली, असं समजा. हृदय बिघडलं की छातीत कफ झाला? तेव्हा आकडा ७००० आला तर हृदयाकडे बोट जाईल, २८०० आला तर आधी छातीचा विचार होईल. हा फरक करायला पहिला चांगल्या दिवसातला आकडा लागतो, आणि बहुतेक घरांत तोच नसतो, कारण लोक फक्त बिघडल्यावर तपासतात.

दर पंधरा दिवसांनी करायचं का? नाही. आकडा बघून औषध वाढवलं तर माणसं जास्त जगतात का, हा प्रश्न अमेरिका-कॅनडात ८९४ रुग्णांवर तपासून झालाय, निकाल २०१७ मध्ये आला. अर्ध्या रुग्णांचं औषध एनटी-प्रोबीएनपी १००० च्या खाली आणायचं असं धरून वाढवत नेलं, उरलेल्यांचं नेहमीच्या पद्धतीनं. साधारण सव्वा वर्षात इस्पितळात परत यायचं किंवा हृदयविकारानं दगावायचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, शंभरात ३७. अभ्यास मध्येच थांबवला. म्हणजे आकड्याचा पाठलाग करून फायदा दिसला नाही.

दिरांना हे सांगाल तेव्हा ते इंटरनेटवरून दुसरा अभ्यास पुढे करतील, म्हणून तोही आधीच सांगतो. २०२२ मध्ये एक अभ्यास आला, त्यात इस्पितळातून घरी गेलेल्यांना पहिल्या सहा आठवड्यांत पुन्हा पुन्हा बोलावून, दर भेटीला तपासून आणि रक्त बघून, गोळ्यांचे डोस भराभर पूर्ण मात्रेपर्यंत नेले. सहा महिन्यांत परत ॲडमिट होणारे किंवा दगावणारे नेहमीच्या उपचारात शंभरात २३ होते, या गटात १५. एनटी-प्रोबीएनपी तिथेही मोजत होते, पण डोस पुढे नेणं सुरक्षित आहे ना हे बघायला, आणि सोबत पोटॅशियम, क्रिएटिनिन, बीपी, नाडीसुद्धा. फायदा झाला तो डोस वाढल्यामुळे. तुमच्या डॉक्टरांना विचारण्यासारखा खरा प्रश्न इथे आहे. ‘आकडा का उतरत नाही’ हा नव्हे, तर ‘या गोळ्यांचे डोस अजून वाढवायचे आहेत का, आणि कधी’ हा.

आकडा पुन्हा करायची वेळ म्हणजे त्रास बदलला तेव्हा, औषधात मोठा बदल झाला त्यानंतर, किंवा डॉक्टरांना पुढच्या काही महिन्यांत एकदा बघावासा वाटला तेव्हा. बाकी दिरांचे पैसे दुसरीकडे लागू द्या.

आता राहिलेली तपासणी. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलं ते हेच, की दोनदा महागडी तपासणी झाली आणि काही शे रुपयांची राहिली. स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम शरीरात धरून ठेवतं. सॅक्युबिट्रिल-वलसार्टनही. दोन्ही गोळ्या त्यांच्यासाठी फार मोलाच्या आहेत, आयुष्य वाढवणाऱ्या आहेत. पण क्रिएटिनिन १.६ असलेल्या किडनीला जादा पोटॅशियम बाहेर टाकणं जड जातं. त्यात कमी सोडियमचं मीठ म्हणजे काय, तर सोडियम क्लोराइडचा काही हिस्सा काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड. तरण्या, धडधाकट माणसाला ते चांगलंही असेल. या गोळ्यांवर असलेल्याला नाही. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. तुम्ही दोन्ही गोष्टी मायेनं केल्यात आणि पाकिटावर हृदयाचं चित्र असलं तर कुणीही केल्या असत्या, पण चार बाजूंनी पोटॅशियम आत येतंय आणि मोजायचं राहिलंय.

चढलेलं पोटॅशियम बहुतेकदा काही सांगून येत नाही. थकवा, पायात अशक्तपणा जाणवला तर जाणवला, नाहीतर एकदम ठोकेच बिघडतात. साधारण ३.५ ते ५ मध्ये असावं. ५.५ च्या वर गेलं तर डॉक्टर गोळ्यांचे डोस खाली आणतात, ६ किंवा वर असेल तर त्याच दिवशी इस्पितळ. या गोळ्या सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर एका आठवड्यानं आणि चार आठवड्यांनी ही तपासणी करायची असते, पुढे काही महिन्यांच्या अंतरानं चालू ठेवायची. ज्यांच्या घरात कुणी स्पायरोनोलॅक्टोन घेतं, आणि बडोद्यात अशी घरं पुष्कळ आहेत, त्यांनी शेवटची पोटॅशियमची तारीख आज फाइलमध्ये शोधावी.

एक सूचना, उद्याचं रक्त शक्य असेल तर लॅबमध्ये जाऊन द्या. दंड फार आवळून किंवा शीर सापडत नाही म्हणून टोचाटोच करून काढलेलं रक्त, किंवा स्कूटरच्या डिकीत तासन् तास हेलकावे खात गेलेलं रक्त फुटतं. फुटलेल्या पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट खोटा चढा येतो. चढा आला आणि लॅबनं ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा मारला असेल, तर घाबरण्याआधी त्याच दिवशी पुन्हा द्या.

त्याच सुईत हिमोग्लोबिन, आणि लोहासाठी फेरिटिन व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन करता येईल का ते डॉक्टरांना विचारा. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ मध्ये असून सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, तर लोह कमी धरतात. हिमोग्लोबिन कमी नसलं तरी. त्यावर पोटातून घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, शिरेतून द्यावं लागतं, आणि पंपिंग कमी असलेल्यांना त्यानं हुशारी येते. थायरॉइड इस्पितळात झालंच असेल, फाइल बघा.

फाफड्यांबद्दल. खारट नसतात म्हणता, पण आपल्याला कमी करायचंय ते सोडियम, आणि सोडियम जिभेला कळेलच असं नाही. फाफडा, गांठिया, पापडी यांत पापडखार किंवा सोडा पडतो, खमणात पडतो, खिचूत पडतो. तो सगळा सोडियमच. वर पापड, लोणचं, आणि जेवणाबरोबर मीठ-जिऱ्याची छास. बडोद्याच्या मराठी घरात महाराष्ट्राचं लोणचं आणि गुजरातचं फरसाण एकाच ताटात बसतात, त्याचं दुखणं हे. दुपारी गॅस झाला म्हणून ईनो घेत असतील तर तोही मोजा, त्यात सोडाच असतो. मी दसऱ्याला दोन फाफडे खाऊ नका म्हणणार नाही, पण दर रविवारी नकोत. छास बिनमिठाची, कोथिंबीर आणि भाजलेलं जिरं घालून. स्वयंपाकात साधंच मीठ, पण हात आखडून. आणि गुडघ्यासाठी कुणी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी दिली असेल तर ती आधी बाहेर काढा. त्या गोळ्या मीठ-पाणी अडवतात, किडनीला ढकलतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत पोटात रक्तस्रावही करू शकतात. दुखलं तर पॅरासिटामॉल.

जेवण निम्मं केलंय हे मला आकड्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. ६४ चे ६० झाले तेव्हा गेलं ते पाणी. पण घरी आल्यापासून ६० चे ५८.५ झालेत, आणि जास्तीचं पाणी तर आधीच उतरलं होतं. हा उतार न जेवल्याचा असू शकतो, म्हणजे मांस झडतंय. किंवा लघवीची गोळी आता गरजेपेक्षा जास्त होत असेल. उठताना चक्कर येते का, तोंड कोरडं पडतं का, बीपी वरचं शंभरच्या खाली जातंय का, हे बघा आणि डॉक्टरांना सांगा. ते कदाचित टॉर्सेमाइड कमी करतील. आणि डॅपाग्लिफ्लोझिनवर असलेल्यानं उपाशी राहू नये. उलट्या, जुलाब, ताप असेल, जेवण तुटलं असेल, तर त्या दिवशीच फोन करून ती गोळी घ्यायची की थांबवायची ते विचारायचं. आजोबांना डाळ, भाकरी, भाजी, दही पोटभर वाढा. जेवण कमी केल्यानं हा आकडा उतरत नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. हवं तर हा कागद वाचून दाखवा.

तुम्ही लिहिलेल्या उशा, जिना, फेरी, वजन, या चार गोष्टी मी डॉक्टर म्हणून रिपोर्टच्या आधी विचारतो. घरात त्या फक्त तुम्ही बघताय. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच वजनकाट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन घ्या आणि कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो चढलं, मोज्याचा वळ खोल उमटायला लागला, दुसरी उशी मागितली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, गुलाबी फेसाळ कफ, यातलं काहीही दिसलं तर थेट १०८.

दिरांना दर रविवारी त्या कॅलेंडरचा फोटो पाठवा. लांब असलेल्या माणसाला हातात काहीतरी लागतं, म्हणून ते रिपोर्ट मागतात. त्यांच्यावर चिडू नका. पण पायावर बोट दाबून खड्डा पडतो का ते न्यू जर्सीतून कळत नाही, हेही त्यांना सांगायला हरकत नाही.

डॉक्टर बदलू नका. त्यांनी रिपोर्ट बरोबर वाचला, आठ टक्क्यांवर गोळ्यांची उलथापालथ केली नाही, आणि पोटॅशियम करायलाही सांगितलं होतं. दोन वाक्यं जास्त बोलले असते तर तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं नसतं, तेवढी तक्रार माझीही आहे. पुढच्या भेटीला कॅलेंडर, दोन्ही रिपोर्ट आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन तुम्ही स्वतः आत जा, नुसत्या भाच्याला पाठवू नका. विचारा, की यांचं ठरलेलं वजन किती धरायचं, लघवीची गोळी तेवढीच ठेवायची का, बाकीचे डोस कधी वाढवणार, आणि पोटॅशियम पुन्हा कोणत्या तारखेला.

उद्याचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हातात येईल. पोटॅशियम ५ ते ५.५ मध्ये आलं तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवा, त्याच्या वर पण ६ च्या खाली आलं तर त्याच संध्याकाळी फोन लावा, ६ किंवा वर असेल तर थेट इस्पितळ. दवाखाना बंद असेल तर रिपोर्ट घेऊन इमर्जन्सीत जा आणि ईसीजी काढायला सांगा.